भाकरीला दोन हात लागतात

माझ्या टेबलाच्या खणात दोन वह्या असतात. पहिलीत अंश लिहिलेले असतात : गुडघा किती सरळ होतो, घोटा किती वर येतो, मांड्या किती फाकतात. गोनिओमीटर, म्हणजे सांध्याचा कोन मोजायची पट्टी, लावायची, आकडा लिहायचा, तारीख टाकायची. दुसरी वही साधी, शंभर पानी. तिच्यात आयांची वाक्यं आहेत, काही आज्यांची, काही बापांचीही. तारीख आणि वाक्य, एवढंच.

त्या वहीतलं पहिलं वाक्य असं आहे : "मॅडम, आज लेकरू मांडीवर न घेता भाकरी केली. दोन्ही हातानं थापली."

हे वाक्य मिळायला आम्हाला अडीच महिने लागले होते. ते कसं मिळालं आणि त्यानंतर काय काय झालं, ते सांगते.

मी मूळची लातूरची. फिजिओथेरपीची साडेचार वर्षांची पदवी तिथेच झाली आणि लग्नानंतर बीड जिल्ह्यातल्या केजला दवाखाना टाकला. सुरुवातीला येणारे सगळे मोठे पेशंट. गुडघे, खांदे, लकवा, आणि ऊस तोडून तोडून धरलेल्या कमरा. लहान मुलं आठवड्यातून एखादं. मुलांची मला भीतीच वाटायची. मोठ्या माणसाला 'दहा वेळा पाय उचला' म्हटलं की तो उचलतो. वर्षाचं लेकरू का म्हणून उचलेल? आणि रडायला लागलं की आईचा जीव तुटतो, हातातलं काम तिथंच राहतं. म्हणून सहा महिने पुण्याला एका अनुभवी बाईंच्या हाताखाली राहिले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मुलाला व्यायाम द्यायचा नसतो, खेळ द्यायचा असतो. व्यायाम त्या खेळात तू लपवायचा."

परत आले त्याच जूनमध्ये ती आली. नाव लिहीत नाही, मी तिला चिमणी म्हणायचे. सोळा महिन्यांची होती. आजीनं दोन्ही हातांवर आडवी धरून आणली होती, सरपणाची मोळी धरावी तशी, कारण कडेवर बसतच नव्हती. कडेवर घ्यायला गेलं की दोन्ही पाय ताठ होऊन कात्रीसारखे एकमेकांवर चढायचे.

"मान धरली, पालथी पडती," आजी म्हणाली, "पण बसंना. लोक म्हणतेत पोलिओ हाय."

आमच्याकडे अजूनही पाय चालेना म्हटलं की म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी पोलिओच येतो. भारतातला शेवटचा पोलिओचा रुग्ण जानेवारी 2011 मध्ये सापडला आणि 2014 मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. पण पोलिओ पाहिलेली पिढी अजून आहे, त्यांचा तरी काय दोष! मी आजीला तिच्या बोटांनीच दाखवलं. पोलिओत पाय लुळा पडतो, दोरीसारखा. हा पाय दाबून बघा, ताठ आहे. म्हणजे पायात जोर आहे, तो सोडायचा कधी हे मेंदूला कळत नाहीये.

आई मागं उभी होती, काही बोलत नव्हती. हळूहळू सगळं बाहेर आलं. नवरा-बायको ऊसतोडीला गेलेले, एक कोयता (ऊसतोडीत जोडप्याला तसंच म्हणतात). फेब्रुवारीत, सातव्या महिन्यात, फडातच कळा सुरू झाल्या. आदल्या दिवसापर्यंत ती मोळ्या बांधत होती. लेकरू दीड किलोच्याही आत. तिकडच्याच दवाखान्यात चोवीस दिवस काचेच्या पेटीत. "माझ्या कामामुळंच झालं का हो मॅडम?" हा प्रश्न तिनं तिसऱ्या भेटीत विचारला. तोवर तो तिच्या घशात अडकून होता.

मी तिला सांगितलं ते इथंही लिहिते, कारण हा प्रश्न घेऊन येणाऱ्या आया खूप आहेत. मेंदूतून पायांकडे जाणारे तंतू मेंदूतल्या पाण्याच्या पोकळीला खेटून जातात. सातव्या-आठव्या महिन्यात नेमकी तिथली जागा फार नाजूक असते. बाळ तेव्हा बाहेर आलं आणि रक्तपुरवठा कमी-जास्त झाला की इजा होते ती तिथं. म्हणून अशा मुलांचे हात बरे चालतात, बोलणं-समजणंही बहुतेक वेळा चांगलं असतं, आणि पाय ताठ राहतात. याला सेरेब्रल पाल्सी म्हणतात, तिच्यातला हा प्रकार डायप्लेजिया. मेंदूतली इजा पुढे वाढत नाही. पण स्नायू आखडत जातात, हाडं वाकडी वाढतात, खुबा हळूहळू सरकतो. आपलं काम ते थांबवायचं. तुझ्यामुळं झालं असं कुणीही म्हणू शकत नाही, असं मी तिला म्हटलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि बराच वेळ काढला नाही.

वेळेआधी जन्मलेल्या मुलाचं वय मोजताना ते आधीचे महिने वजा करायचे असतात. चिमणी कागदावर सोळा महिन्यांची, हिशेबानं चौदाची. दोन वर्षांच्या आत आधाराशिवाय बसायला लागलेलं मूल पुढे कुठल्या ना कुठल्या प्रकारे चालण्याची शक्यता चांगली असते. म्हणजे आमच्या हातात दहा-एक महिने होते.

सुरुवात कडेवर घेण्यापासून केली. आपल्या बायका मूल कडेवर घेतात ना, तीच मांड्या फाकवायची सगळ्यात चांगली पद्धत आहे. फक्त घेण्याआधी ताठरपणा सोडवावा लागतो. पाठीवर झोपवायचं, दोन्ही गुडघे पोटाशी घ्यायचे, हळूहळू डावीकडे-उजवीकडे झुलवायचं. गुडघे आपोआप सुटे होतात, मग कडेवर. घरी बसवण्यासाठी वाकळेची गुंडाळी करून घोड्यासारखी तिच्यावर बसवायची, पाय दोन बाजूंना, पुढ्यात परातीत ज्वारीचे दाणे. दाणे उचलण्याच्या नादात पाठ सरळ होते.

पोटरी ताणायचं शिकवणं जास्त अवघड गेलं. टाच आपल्या तळहातात धरायची, पाऊल मनगट आणि कोपराच्या मधल्या भागावर टेकवायचं, गुडघा सरळ, आणि टाच खाली ओढत पाऊल वर न्यायचं. मनात तीस मोजेपर्यंत धरायचं. आई घाई करायची. झटक्यानं ओढलं की हा स्नायू आणखी आवळतो, ताठरपणाचा स्वभावच तो. मी शब्दांत सांगून थकले. मग एकदा तिला विचारलं, "भाकरी घाईनं थापली तर काय होतं?"

"चिरती की," ती म्हणाली, आणि लगेच पायाकडे बघितलं.

तिनं परत टाच धरली. या वेळी नुसती धरून राहिली. मी माझी दोन बोटं पोटरीवर ठेवली होती. दहापर्यंत काही नाही, दगड. पंधरा-सोळाला बोटांखाली आतून काहीतरी सैल झालं. मळता मळता पिठातली गाठ फुटावी, तसं. तिलाही ते तळहातात कळलं. तिनं वर माझ्याकडे बघितलं ते अजून डोळ्यांसमोर आहे. कॉलेजात ही गोष्ट मी पुस्तकातून शिकले होते. त्या दिवशी ती माझ्या हातातून दुसऱ्या हातात गेली.

ऑगस्टच्या शेवटी चिमणी हात टेकून बसायला लागली, आणि पोळा होऊन गेल्यावर हात सोडून. तेव्हा ते भाकरीचं वाक्य आलं. मला वाटलं होतं आई म्हणेल, लेकरू बसायला लागलं. ती स्वतःच्या हातांबद्दल बोलली. दीड वर्ष त्या बाईनं चुलीपुढं एका मांडीवर लेकरू आणि एका हातानं स्वयंपाक केला होता. एका हातानं भाकरी नीट थापता येत नाही, जाड होते, कडेला फाटते. घरातले जेवत होते, बोलत कुणी नव्हतं. त्या दिवशी मी वही आणली.

त्यानंतर मी जे केलं ते चुकीचं होतं.

दसऱ्याच्या आधी ते तिघं आले. सोबत बालाघाटातली सीताफळं, पाटीभर. दोन दिवसांनी गाडी लागणार होती, ऊसतोडीला निघायचं होतं. म्हणजे पाच-सहा महिने चिमणी नाही. मी रागावले. म्हणाले, "आत्ता कुठं लेकरू बसायला लागलंय. असं मधेच सोडून गेलात तर ही कधीच चालणार नाही."

बाप पहिल्यांदा बोलला. "उचल घेतलीय मॅडम. मुकादमाला पैशे फिटल्याबिगर आम्हाला तरी कुठं चालता येतंय."

मी गप्प बसले, पण माझ्या चेहऱ्यावरचा राग गेला नसावा. एप्रिलमध्ये कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, आणि ते परत आले. चिमणीची टाच जमिनीला टेकत नव्हती. पहिल्या वहीत घोट्याचा आकडा ऑक्टोबरपेक्षा पंधरा अंशांनी मागे. मी विचारलं, फोन का नाही केलात? आई म्हणाली, "तुम्ही रागावल्या व्हत्या. कोणत्या तोंडानं करावा?"

त्या मुलीचे सहा महिने ऊसतोडीनं जितके खाल्ले, तितकेच माझ्या त्या एका वाक्यानं खाल्ले. बीड जिल्ह्यात राहून मुलांचं काम करायचं आणि स्थलांतराला नावं ठेवायची, हे चालत नाही. इथं गावंच्या गावं दसरा-दिवाळीनंतर रिकामी होतात. उपचार त्या गाडीत बसून फडावर जायला हवा.

पुढच्या सहा महिन्यांत आम्ही तयारी केली. चिमणीला पाऊल सरळ धरून ठेवणारे प्लास्टिकचे स्प्लिंट करून घेतले, पायाचा साचा घेऊन. त्यासाठी आजी आणि मी लातूरला जाऊन आलो. अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांसाठी राष्ट्रीय न्यासाची निरामय नावाची विमा योजना आहे, वर्षाला एक लाखापर्यंत, आणि तिच्यात थेरपीचा खर्चही धरतात. तिचा अर्ज भरला. तालुक्यात अंगणवाड्यांमधून मुलं तपासत फिरणारं राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक असतं, त्यांच्याकडेही नाव नोंदवलं. खुब्याचा एक्स-रे काढून ठेवला, कारण खुबा सरकतो तेव्हा सुरुवातीला दुखतही नाही, कळतच नाही. वर्षातून एकदा बघितलेला बरा.

उभं करायचा प्रश्न राहिला. दवाखान्यात उभं राहायची लाकडी चौकट आहे, ती काही ट्रॅक्टरवर जाणार नाही. तेव्हा मी बापाला खड्ड्याची युक्ती सांगितली. खेड्यापाड्यांत अशा मुलांचं काम करणारे लोक ती पूर्वीपासून वापरतात. लेकराच्या कमरेच्या थोडा वर येईल एवढा खोल, अरुंद खड्डा. तळाला फळी, कडांना मऊ काहीतरी. लेकरू आत उभं केलं की जमीनच त्याला चारी बाजूंनी धरते आणि पुढं खेळायला जमिनीचाच टेबल होतो.

डिसेंबरमध्ये मोबाईलवर व्हिडिओ आला. कोपीच्या, म्हणजे फडावरच्या झोपडीच्या, सावलीत खड्डा, कडांना उसाचं पाचट भरून वर गोणपाट शिवलेलं. चिमणी आत उभी, पायात स्प्लिंट, समोर जमिनीवर उसाची कांडकी रचत होती. मागं आजीचा आवाज : "टाच टेकली का बघा मॅडम. फळीवर पीठ टाकलं व्हतं, ठसा आलाय." आणि मग कॅमेरा खाली गेला. लेकराला उचलून दाखवलं, फळीवर पांढऱ्या पिठात दोन पावलं. दोन्हींना टाच होती.

मी तो व्हिडिओ किती वेळा बघितला ते सांगत नाही. टाचेखाली पीठ टाकून ठसा बघायचा, हे मी शिकवलं नव्हतं. ते आजीचं.

त्या वर्षी चिमणी एप्रिलमध्ये परत आली तेव्हा घोट्याचा आकडा जागेवर होता. गुडघ्यामागची शीर थोडी आखडली होती, ती पुढे वर्षभर पुरली. साडेतीन वर्षांची असताना बापानं इथल्याच वेल्डिंगच्या दुकानातून पाइपचा वॉकर करून घेतला. हा वॉकर पुढं ढकलायचा नसतो, मागून ओढायचा असतो. पुढचा ढकलताना अशी मुलं वाकतात, मागचा ओढताना सरळ होतात. मापं मी दिली, चाकं त्यानं जुन्या स्टुलाची बसवली. आता ती साडेसहाची आहे. वॉकर घेऊन शाळेत जाते, वर्गात भिंतीला धरून फिरते. वॉकरशिवाय लांब चालेल असं मला वाटत नाही. अशा मुलांच्या हालचालींची बहुतेक वाढ पाच वर्षांच्या आसपास होऊन गेलेली असते, हे मी घरच्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. खोटी आशा लावलेल्या घरातली माणसं पुढं फार थकतात.

हे लिहिताना वाटतं, मी फक्त चांगलं तेवढंच निवडून सांगते की काय. वाकड्या पायांची बाळं असतात, त्यांचं काम तर सरळ असतं. पोन्सेटी पद्धतीनं दर आठवड्याला प्लास्टर, पाच-सहा प्लास्टर, बहुतेकांना टाचेमागच्या शिरेचं छोटं ऑपरेशन, आणि मग चार वर्षांचं होईपर्यंत रात्री जोडबूट. आईबापांनी बूट सोडले नाहीत की पोरं पुढं धावतात. तिथं आनंद पटकन मिळतो.

पण एक मुलगा आला होता, आठ वर्षांचा. पोटऱ्या पैलवानासारख्या टणक, भरलेल्या. बापाला त्याचा अभिमान. पोरगं सारखं पडतंय म्हणून अंगात जोर यावा यासाठी तो त्याला रोज पन्नास बैठका मारायला लावायचा. मी मुलाला जमिनीवर बसवून उठायला सांगितलं. तो ओणवा झाला, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहिला. माझ्या पोटात गोळा आला. रक्ताची तपासणी केली, मग मेंदू-मज्जासंस्थेच्या डॉक्टरांकडे पाठवलं, जनुकीय तपासणी झाली. ड्युशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी. यात स्नायू झिजत जातात, आणि बारा-तेराच्या आत बहुतेक मुलांचं चालणं थांबतं. बैठकांनी तर ते स्नायू लवकर फाटतात.

त्या बापाला 'बैठका बंद करा' हे सांगणं माझ्या आयुष्यातलं सगळ्यात अवघड काम होतं. आपल्याच हातानं पोराचं नुकसान केलं, हे त्याच्या डोळ्यांत मला दिसत होतं. तुम्हाला माहीत नव्हतं, आणि आजपासून माहीत आहे, एवढंच मी म्हणू शकले.

आता तो मुलगा तेरा वर्षांचा आहे, चाकाच्या खुर्चीत. आमचं काम घोटे आखडू न देणं, पाठ वाकडी होऊ न देणं, श्वासाचे व्यायाम. गावच्या क्रिकेटच्या सामन्यांचा स्कोअर तोच लिहितो, अक्षर सुंदर आहे. रात्री त्याला स्वतःहून कूस बदलता येत नाही, दर तासाला हाक मारायचा. बापाची झोप पार गेली होती. मागच्या वर्षी आम्ही उशांची मांडणी बदलली : गुडघ्यांमध्ये एक, पाठीला एक, वरचा हात ठेवायला एक. आठ दिवसांनी बाप आला आणि दारातच म्हणाला, "काल रात्री दोनदाच उठलो."

ते वाक्य दुसऱ्या वहीत आहे. पहिल्या वहीत त्या मुलाचे आकडे दर वेळी खाली जातात. फक्त पहिलीच वही असती तर मी हे काम कधीच सोडलं असतं.

लोक विचारतात, मालिशच ना ते? पैसा किती मिळतो? पैसा मोठ्यांच्या गुडघ्यांत जास्त आहे, हे खरं. मुलांचा एक पेशंट पाऊण तास घेतो आणि त्यातली वीस मिनिटं ओळख करून घेण्यात जातात. हुरड्याच्या दिवसांत टेबलावर हुरडा असतो, संक्रांतीच्या आसपास तुरीच्या शेंगा. गेल्या महिन्यात एका आईनं सांगितलं, "आज याला आत्यापाशी सोडून बाजारला एकटीच गेले." आणि एका आजोबांनी : "पोरानं माझ्या हातातला घास ढकलला, म्हणला मी खातो." या वर्षी तिसरी वही घ्यावी लागेल.

मागच्या गुरुवारी एक नवीन बाई आली होती, आठ महिन्यांचं बाळ घेऊन. जन्मल्यावर रडलं नाही, झटके आले, मान अजून डुलते. बाई नुसती रडत होती. मी दुसऱ्या पेशंटच्या खांद्यात अडकले होते. चिमणीची आजी बाकावर बसली होती, चिमणी शाळेतून यायची वाट बघत. तिनं काही न विचारता त्या बाईच्या हातातून लेकरू घेतलं, मांडीवर पालथं घातलं, छातीखाली आपला हात सरकवला आणि दुसऱ्या हातानं समोर बांगड्या वाजवल्या. डोकं जरासं उचललं, पडलं. परत उचललं.

"घाई करू नको माय," ती त्या बाईला म्हणाली, "भाकरीवानी हाय हे. तू बघ आधी, मग तुझ्या हातानं कर."

मी माझ्या पेशंटचा खांदा पूर्ण केला. आजीनं काय दाखवलं ते बघितलं, हात थोडा वर छातीच्या हाडाखाली घ्या, एवढंच सुचवलं. बाईला सोमवारी परत बोलावलंय.